हळद लावलेला दात

विमानतळावर पिशवी तपासणाऱ्या बाईंनी विचारलं, "इसमें क्या है?" मी खरं तेच सांगितलं. "गाय-बैल के दाँत." बाईंनी एकदा पिशवीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि दोघांपैकी कुणीच धोकादायक नाही असं ठरवून मला जाऊ दिलं.

हाडं आणि दात हा माझा धंदा. जुन्या वस्त्यांच्या खोदकामात जनावरांची हाडं निघतात. ती पाहून तिथली माणसं काय खात होती, काय पाळत होती, कुठून कुठे जात होती याचा अंदाज बांधायचा. भीमेकाठच्या एका जुन्या वस्तीतले दात घेऊन मी दिल्लीच्या एका प्रयोगशाळेत निघाले होते, कारण मला हवं ते यंत्र तिथे होतं. जानेवारीचे दिवस होते आणि मुक्काम मयूर विहारला, आत्याकडे. निघताना आईने आत्यासाठी गोडा मसाला दिला आणि मला स्वेटर जास्त घ्यायला सांगितलं. मसाला पुरला, स्वेटर कमी पडले.

मयूर विहार

सकाळी आत्याच्या बाल्कनीत गेले तर समोरची इमारत नव्हती. खालची बाग नव्हती, रस्ताही नव्हता. फक्त पांढरं धुकं, आणि त्यातून येणारी भाजीवाल्याची आरोळी. पुण्यातही थंडीत धुकं पडतं, पण ते पाहुण्यासारखं येतं आणि चहा व्हायच्या आत जातं. दिल्लीचं धुकं घरजावई आहे. दुपार झाली तरी हलत नाही. त्या पांढऱ्यात उभं राहिलं की आपण कुठल्या वर्षात आहोत हेच मला कळेना. खालून आता एखादा उंटांचा तांडा गेला असता तरी मी नवल केलं नसतं.

"आत ये गं, सर्दी होईल," आत्या म्हणाली. "अण्णा डबी घेऊन बसलेत."

अण्णा म्हणजे आत्याचे यजमान. वय ऐंशीच्या आसपास. त्यांचे वडील वाईहून सरकारी नोकरीसाठी दिल्लीला आले आणि अण्णांचा जन्म इथल्याच एका सरकारी क्वार्टरमधला. पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकले, मंत्रालयात नोकरी केली, सोसायटीत फ्लॅट घेतला. तरी कुणी विचारलं की उत्तर एकच, "आम्ही वाईचे." वाईला ते आयुष्यात लग्नकार्यापुरते गेले असतील. आता मुलाच्या आग्रहावरून दोघं कायमचे पुण्याला निघाले होते. फ्लॅटचा सौदा झाला होता आणि निम्म्या घरात खोकी उभी होती.

त्या खोक्यांच्या मध्ये बसून अण्णांनी पत्र्याची डबी उघडली. कापसावर एक मोठा दात होता, पिवळाधम्मक. अण्णांच्या वडिलांना तो पानिपतजवळच्या एका शेतकऱ्याने दिला होता, नांगरताना सापडला म्हणून. तेव्हापासून डबी देवघरात असे. दर संक्रांतीला, म्हणजे पानिपतच्या लढाईच्या दिवशी, दाताला तिळाचं तेल आणि हळद लागायची. मग अण्णा तो घेऊन पानिपतला लढाईच्या जागी, काला अंबला जायचे आणि जमलेल्या मराठी मंडळींना त्याची गोष्ट सांगायचे.

"पेशव्यांच्या हुजुरातीतला घोडा," अण्णा हळू आवाजात म्हणाले. "बिचारा इतकी वर्षं परमुलखात पडलाय. यंदा याला घेऊन जातोय. कृष्णेत सोडणार, वाईच्या घाटावर. तू फक्त एकदा तुझ्या मशिनमध्ये बघ आणि सांग की हा आपल्याकडचाच आहे. बिल्कुल पक्कं सांग."

मी दात हातात घेतला आणि माझा चहा निवला. चावण्याच्या बाजूला स्पष्ट चंद्रकोरी होत्या, आणि दोन भागांच्या मध्ये एक बारीक खांब. घोड्याच्या दातावर नागमोडी वळ्या असतात.

"अण्णा, हा घोडा नाही. बैल आहे. किंवा गाय."

मग आत्या स्वयंपाकघरातून म्हणाली, "अगं, यांनी तुझं काय घोडं मारलं होतं, की आल्या आल्या तू यांचं मारलंस?"

अण्णांनी दात परत घेतला आणि बराच वेळ पाहत राहिले. इतक्या संक्रांती ज्याच्या आयाळीचं वर्णन केलं त्याला शिंगं फुटताना बघणं सोपं नसावं. मला फार वाईट वाटलं. पण जेवायच्या वेळेपर्यंत ते सावरले. ताज्या मटारची उसळ वाढून घेत म्हणाले, "अच्छा, बैल तर बैल. तोफा कुणी ओढल्या? दाणागोटा कुणी वाहिला? आणि गाय लढाईवर कशाला येईल? बैलच असणार. पण आपल्याकडचा ना?"

ते सांगणं माझ्या यंत्राचं काम होतं. दात घडत असताना जनावर जे खातं-पितं त्यातला स्ट्रॉन्शियम नावाचा धातू किंचितसा दाताच्या कवचात जाऊन बसतो. या धातूची काही भावंडं हलकी, काही जड. त्यांना आयसोटोप म्हणतात. आपल्या काळ्या कातळातून आलेल्या पाण्यात त्यांचं प्रमाण एक असतं, हिमालयातून वाहून आलेल्या गाळात दुसरं. कवच एकदा घडलं की बदलत नाही. जनावर पुढे कुठेही जावो, दाताला फक्त लहानपणचं गाव आठवतं.

"म्हणजे खोटं बोलत नाही," अण्णा म्हणाले.

"दात खोटं बोलत नाही. पण तो लढाईतलाच आहे की नाही, तेही सांगणार नाही. एखाद्या शेतकऱ्याच्या गोठ्यात म्हातारा होऊन मेलेलाही असेल."

हे वाक्य त्यांनी ऐकलंच नाही.

उन्हात

दिल्लीकरांची एक रीत मला फार आवडली. ऊन निघालं की सगळी सोसायटी हातातलं काम टाकून, किंवा काम हातात घेऊन, खाली हिरवळीवर येते. बायका मटार सोलतात, म्हातारे पाठ शेकतात, स्वेटर विणले जातात. आपल्याकडे उन्हाला पाठ दाखवायची म्हणजे पळून जायचं. इथे पाठ दाखवून बसायचं. मीही बसले आणि डोळे मिटले. कुणाच्या तरी रेडिओवर हिंदी गाणं लागलं होतं, भुईमुगाच्या शेंगा फुटत होत्या, आणि मला वाटलं, हजारो वर्षांपूर्वीही थंडीत याच नदीकाठी माणसं अशीच पाठ करून बसली असतील आणि शेजारी त्यांची गुरं रवंथ करत असतील.

शेजारचे शेखकाका गजक घेऊन आले. ते मूळचे मिरजेचे, रेल्वेतून निवृत्त झालेले. अण्णांना दर संक्रांतीला पानिपतला गाडीतून तेच नेतात. गजक म्हणजे तीळ-गुळाची कुरकुरीत वडी, पण दिल्लीची थंडी खाऊन ती दगड होते. अण्णांनी एक तुकडा तोंडात टाकला, चावला, आणि त्यांचा चेहरा बदलला. मग त्यांनी रुमालात काहीतरी काढलं. बरेच दिवस हलणारी दाढ गजकासोबत बाहेर आली होती.

"चलो, हिशेब पूर्ण," शेखकाका म्हणाले. "बैलाचा एक, तुमचा एक."

मी हसले खरी, पण धंदा तो धंदा. मला तुलनेसाठी दिल्लीच्या आजच्या वस्तू लागणारच होत्या. नदीकाठचं गवत, पाणी, आणि जमलं तर ज्याचं लहानपण नक्की इथे गेलंय अशा कुणाचा तरी दात. मी अण्णांकडे पाहिलं.

"माझी घे की," अण्णा म्हणाले. रुमाल पुढे करताना थांबले आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "पण ती वाईची निघेल बघ."

"अहो, यमुनेच्या पाण्यावर वाढलात तुम्ही," आत्या म्हणाली. "वाईची कशी निघेल?"

"आई वाईची होती," अण्णा म्हणाले.

यमुनेकाठी

दुसऱ्या दिवशी अण्णांना घेऊन नदीच्या खादरात गेले. खादर म्हणजे पुरानंतर उघडी पडणारी नदीकाठची जमीन. मेट्रोचा पूल डोक्यावरून जातो, त्यातून माणसं ऑफिसला जातात, आणि खाली मुळे, पालक, फुलकोबी. पुढे पाण्यात म्हशी. नदीला चांगला वास येत नाही, ते लपवण्यात अर्थ नाही. पण धुक्यात तिची घाण दिसत नव्हती. फक्त एक राखाडी, सावकाश हलणारी रुंदी दिसत होती. मी वाकून गवत खुडत होते, छोट्या बाटलीत पाणी भरत होते.

एक म्हैस पाण्यातून वर आली आणि अण्णांच्या अगदी जवळून, त्यांना जणू खांबच समजून, धुक्यात गेली. तिच्या मागे दुसरी, मग तिसरी. पाठीवरून वाफ निघत होती. दिसायच्या, आणि मग नसायच्या. मला वाटलं, हा तांडा संपणारच नाही. यांच्या मागून आता पांडवांच्या गाई येतील, मग सुलतानांचे हत्ती, मग पानिपतकडे जाणारे बैल, आणि सगळे एकाच गवताला तोंड लावतील. मी हातात गवत धरून नुसती उभी राहिले.

"लहानपणी आम्ही इथे पोहायचो," अण्णा म्हणाले. "कलिंगडाचे मळे होते. पाणी असं होतं की तळ दिसायचा. पोहताना दोन घोट पोटात जायचेच." मग थोड्या वेळाने म्हणाले, "हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. काय सांगायचं? लोक विचारतात गावचं सांगा. मी कृष्णेचं सांगतो. कृष्णेत मी कधी पाय बुडवला नाही, फक्त घाटावर उभा राहिलोय."

येताना त्यांनी एक मुळा विकत घेतला आणि धुऊन, मीठ न लावता, चालता चालता खाल्ला. उरलेल्या दातांनी.

प्रयोगशाळेत

प्रयोगशाळेतली माझी मैत्रीण सुरभि अस्सल दिल्लीवाली. तिने पिवळा दात पाहिला आणि विचारलं, "यार, इसकी शादी थी क्या?" मी तिला संक्रांतीची रीत सांगितली. इतक्या वर्षांच्या तेला-हळदीने दाताच्या आतला हाडासारखा मऊ भाग पार पिवळा झाला होता. वरचं कवच मात्र कठीण, त्यात हळद शिरली नव्हती. तरी आधी ते खरवडून, सौम्य आम्लात धुऊन घ्यावं लागलं. खरवडताना पिवळी पूड उडाली आणि त्या पांढऱ्याशुभ्र खोलीत देवघराचा वास आला. असा वास त्या खोलीने याआधी कधी घेतला नसेल.

अण्णा हट्टाने बरोबर आले होते. काचेच्या पलीकडे मफलर गुंडाळून उभे होते. मी दंतवैद्याकडे असतो तसा छोटा ड्रिल हातात घेतला, तेव्हा त्यांनी काचेवर टकटक केली. मी बाहेर गेले.

"फार खोल जाऊ नकोस," ते म्हणाले. "आणि माझी दाढ आधी घे. त्याला कळू दे की आपण एकटे नाही."

मी त्यांची दाढ आधी घेतली. कवचाची चिमूटभर पूड पुरते. ती आम्लात विरघळवायची, त्यातून स्ट्रॉन्शियम वेगळा करायचा आणि मग यंत्राच्या रांगेत नंबर लावून वाट पाहायची. भीमेकाठच्या गाई, पानिपतचा बैल आणि वाईचे अण्णा एकाच ट्रेमध्ये ओळीने बसले. निकालाला काही दिवस लागणार होते. सुरभि म्हणाली, आला की फोन करते.

त्या दिवसांत आत्याने मला खोकी भरायला लावली. भरता भरता ती एकेक भांडं उचलून सांगायची, हे करोल बागेत घेतलं, हे अमक्याच्या मुंजीत मिळालं. पुण्याला जायला तीच जास्त उत्सुक होती. "तुला नाही कळायचं," ती म्हणाली. "लग्न होऊन आले तेव्हापासून मी भाजीवाल्याशी हिंदीत भांडतेय. मला एकदा मराठीत भांडून मरायचंय." डबी मात्र तिने खोक्यात टाकू दिली नाही. ती हातात न्यायची होती.

पानिपतच्या वाटेवर

संक्रांतीला पहाटेच्या धुक्यात निघालो. शेखकाका गाडी चालवत होते, अण्णा पुढे मांडीवर डबी घेऊन, मी आणि आत्या मागे. मुरथलच्या ढाब्यावर थांबलो. तिथे न थांबता पानिपतला जाणं म्हणजे देवळात जाऊन घंटा न वाजवण्यासारखं आहे असं शेखकाकांचं मत. ताटाएवढे पराठे आले, वर पांढऱ्या लोण्याचा गोळा. आत्याने पिशवीतून गुळपोळ्या काढल्या आणि त्यावरही लोणी घातलं. साजूक तुपाशिवाय गुळपोळी ही कल्पना मला सहन झाली नाही, पण खाल्ल्यावर गप्प बसले.

तेवढ्यात सुरभिचा फोन आला. मी उठून बाहेर गेले. ऐकलं, पुन्हा विचारलं, पुन्हा ऐकलं. परत येताना वाटलं, खोटं सांगावं. कुणाचं काय बिघडणार आहे? एक म्हातारा माणूस एक दात नदीत सोडेल आणि सुखाने झोपेल. पण अण्णांनी माझ्याकडे पाहिलं आणि हातातला घास खाली ठेवला.

"सांग."

"बैल इथला आहे, अण्णा. यमुनेच्या गाळावर वाढलेला. दख्खनचं पाणी त्याने लहानपणी चाखलेलंही नाही."

"आणि माझी दाढ?"

"तुमचीही इथलीच. दोघांचे आकडे जवळजवळ सारखे आहेत. खादरातल्या गवताचेही तसेच."

अण्णांनी मान हलवली आणि ताट बाजूला सारलं. मी घाईघाईने बोलत सुटले. फौजा वाटेत बैल विकत घ्यायच्या, भाड्याने घ्यायच्या, दात फक्त लहानपण सांगतो. ते ऐकत नव्हते. मला रडूच आलं. इतकी वर्षं जपलेली गोष्ट मी त्यांच्याकडून काढून घेतली होती, पहिल्या दिवशी अर्धी आणि आज उरलेली.

गाडी पुन्हा चालू लागली. दोन्हीकडे धुक्यात मोहरीची पिवळी शेतं येत-जात होती. मग शेखकाका, समोरच्या रस्त्यावरची नजर न काढता, म्हणाले, "अण्णा, माझी मुलं इथलीच जन्मली. त्यांना 'वाळवण' म्हणजे काय विचारलं तर तोंडाकडे बघतात. पण मिरजेचा विषय निघाला की भांडायला उठतात. त्यांचा दात काढून तपासू का मी?"

अण्णांनी डबी उघडली आणि दात बाहेर काढून तळहातावर धरला.

काला अंब

काला अंबला स्मारकापाशी माणसं जमली होती. कोल्हापूरकडचे काही तरुण भगवे फेटे बांधून आले होते, दिल्लीतली नेहमीची मराठी कुटुंबं होती, तिळगुळाचे डबे फिरत होते. जिथे एवढी माणसं आणि जनावरं मेली तिथे आज पोपट ओरडत होते आणि गवतावर दव होतं. फुलं वाहून झाल्यावर कुणीतरी म्हणालं, "अण्णा, घोड्याचं होऊन जाऊ दे."

अण्णा उभे राहिले. मी खाली पाहत होते.

"घोडा नव्हता तो," अण्णा म्हणाले. "बैल होता. आमच्या भाचीने शोधून काढलं. आणि आपल्याकडचा नव्हता. इथलाच, यमुनेच्या पाण्यावर वाढलेला. त्याला पुणं माहीत नाही, सातारा माहीत नाही. कुणीतरी मराठ्याने त्याच्या मानेवर जू ठेवलं आणि हा चालला. शेवटपर्यंत चालला." त्यांनी तळहातावरचा दात वर धरला. "जे वाईहून आले त्यांच्यासाठी आपण दर वर्षी येतो. जे इथलेच होते आणि आपल्याबरोबर मेले, त्यांचं नाव आजवर मी कधी घेतलं नाही. म्हणून आज घेतो."

तो गोठ्यात मेलेलाही असू शकतो, हे मी त्यांना सांगितलं होतं. ते त्यांनी सोयीस्करपणे सोडून दिलं होतं, आणि मीही आठवण करून दिली नाही.

फेटेवाला एक तरुण येऊन त्यांच्या पाया पडला. मग अण्णा कुंपणापलीकडच्या शेतात गेले. बांधावर एक हरियाणवी बाई गवत कापत होती. अण्णांनी विचारलं, इथे थोडं खणू का? कशाला, असं तिने विचारल्यावर म्हणाले, "बैल का दाँत है. यहीं का है."

"तो यहीं दाब दो, ताऊ," ती म्हणाली आणि आपलं खुरपं पुढे केलं.

आत्याने पदराखालून हळदी-कुंकवाचा करंडा काढला. दाताला शेवटची हळद लागली. अण्णांनी मोहरीच्या मुळाशी तो पुरला आणि माती हाताने थापटली.

"मग आता कृष्णेत काय सोडणार?" गाडीकडे येताना आत्याने विचारलं.

"काही नाही," अण्णा म्हणाले.

पुणे

उन्हाळ्याच्या तोंडावर ते दोघं पुण्याला आले. मी भेटायला गेले तेव्हा आत्या खाली भाजीवाल्याशी मराठीत भांडत होती, आणि तिचा चेहरा खुलला होता. अण्णा बाल्कनीत बसून रस्त्याकडे पाहत होते. पाणी गोड आहे म्हणाले, पण हलकं आहे, पोटात बसल्यासारखं वाटत नाही. गजक मिळते का इथे, असंही विचारलं.

तेवढ्यात शेजारचे एक गृहस्थ ओळख करून घ्यायला आले. चहा झाला, आणि आपल्याकडे विचारतातच तो प्रश्न त्यांनी विचारला, "तुम्ही मूळचे कुठले?"

आयुष्यभराचं उत्तर अण्णांच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. पण ते उठले, देवघरात गेले आणि पत्र्याची डबी घेऊन आले. ती रिकामी असेल असं मला वाटलं होतं. आत कापसावर त्यांची स्वतःची दाढ होती, आणि तिला हळदीचं बोट लावलेलं होतं.

"हे बघा," अण्णा म्हणाले. "आम्ही दिल्लीचे."